वर्णन सोपं, वेगळेपण अवघड: फेसकिड्यांच्या जवळच्या जाती कशा ओळखायच्या?

समजा, तुमच्यासमोर टाचणीला लावलेले दोन कीटक आहेत. दोन्ही सेंटीमीटरपेक्षा जरा मोठे, दोन्ही काळे, दोघांच्याही पुढच्या पंखांवर बुडाजवळ पांढरे डाग. फरक एकच. एकाच्या पंखावर टोकाकडे एक लाल डाग आहे, दुसऱ्याच्या पंखावर दोन, एक मोठा आणि एक छोटा. आता सांगा, जाती एक की दोन?

उत्तर मनात ठरवून ठेवा. थोड्या वेळाने त्याकडे येऊ.

वर्गीकरणशास्त्रात संशोधन करायचं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात 'नवीन जात सापडली' ही बातमी असते. पण जंगलात नवीन जात सापडत नाही, कीटक सापडतो. तो नवीन जातीचा आहे की नाही हे नंतर टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली आणि जुन्या ग्रंथांच्या ढिगाऱ्यात बसून ठरतं. हे ठरवतात कसं, हे आज फेसकिड्यांच्या उदाहरणाने बघू.

आधी एक खुलासा. वर्तमानपत्रांत 'स्पीशीज'ला प्रजाती म्हणतात. मराठी विश्वकोशातल्या अनेक नोंदींत मात्र स्पीशीज म्हणजे 'जाती' आणि जीनस म्हणजे 'प्रजाती'. मी इथे विश्वकोशाची पद्धत वापरते.

फेसकिडा म्हणजे कोण?

पावसाळ्यात गवताच्या किंवा झुडपाच्या देठावर कुणीतरी थुंकल्यासारखा पांढरा फेस तुम्ही पाहिला असेल. हलक्या हाताने तो बाजूला केला की आत मऊ, फिकट रंगाचं एक पिल्लू दिसतं. हाच फेसकिडा, इंग्रजीतला स्पिटलबग. हे पिल्लू झाडाच्या जलवाहिन्यांतला रस पितं. त्या रसात पोषण अगदी कमी आणि पाणीच पाणी. त्यामुळे भरपूर प्यावं लागतं आणि तितकंच बाहेर टाकावं लागतं. बाहेर टाकलेल्या त्या द्रवात पिल्लू पोटाखालून हवा मिसळतं आणि फेस तयार होतो. फेसामुळे ऊन लागत नाही, अंग कोरडं पडत नाही आणि बऱ्याच शत्रूंपासून बचावही होतो.

प्रौढ कीटक फेस करत नाही, तो उड्या मारतो. केंब्रिजच्या माल्कम बरोज यांनी २००३ मध्ये 'फिलेनस स्पुमेरियस' या जातीची उडी मोजली. जेमतेम ६ मिलिमीटरचा हा कीटक ७० सेंटीमीटर उंच उडतो.

आशियात आपल्याला मुख्यतः तीन कुळं भेटतात. सर्कोपिडी कुळातले बरेच कीटक भडक, लाल-काळे किंवा पिवळे-काळे असतात. त्यांचं डोकं छातीच्या पहिल्या ढालीपेक्षा स्पष्टपणे अरुंद असतं आणि त्या ढालीची पुढची कड जवळजवळ सरळ असते. अफ्रोफोरिडी कुळातले बहुतेक मातकट, तपकिरी. त्यांच्यात ढालीची पुढची कड कमानीसारखी पुढे आलेली असते. तिसरं कुळ मॅकेरोटिडी. यातल्या कित्येकांच्या पाठीवर काट्यासारखी लांब शेपटी असते, आणि पिल्लं फेसाच्या ढिगाऱ्याऐवजी फांदीवर चुन्याची कडक नळी बांधून तिच्यात राहतात. बोरीच्या झाडावर अशा नळ्या मिळतात.

तुडतुड्यांशी गल्लत होत असेल तर मागच्या पायाची नडगी बघा. तुडतुड्यांच्या नडगीवर काट्यांच्या लांब रांगा असतात. फेसकिड्याच्या नडगीवर एक-दोनच जाड काटे आणि टोकाला काट्यांचा मुकुट असतो.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. एका दुपारी शिकता येतं. अवघड भाग सुरू होतो तो एकाच प्रजातीतल्या दोन सख्ख्या जाती वेगळ्या करताना.

रंग फसवतो, तोही दोन्ही बाजूंनी

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. ते दोन्ही कीटक एकाच जातीचे आहेत, 'कॅलिटेटिक्स व्हर्सिकलर'. एक लाल डागवाला नर, दोन डागवाली मादी. फॅब्रिशियसने १७९४ मध्ये या जातीला नाव दिलं. चीनपासून आग्नेय आशिया आणि भारतापर्यंत ती पसरलेली आहे आणि चीनमध्ये भाताची कीड म्हणून ओळखली जाते. तुम्ही 'दोन जाती' असं ठरवलं असेल तर लाजायचं कारण नाही. फक्त दोनच नमुने हातात असताना असा निष्कर्ष निघणं स्वाभाविक आहे. पन्नास नमुने असते आणि प्रत्येकाचं लिंग तपासलं असतं, तर कोडं पाच मिनिटांत सुटलं असतं.

दुसरं उदाहरण फिलेनस स्पुमेरियसचं. युरोपापासून आशियाच्या समशीतोष्ण पट्ट्यापर्यंत हा कीटक राहतो. याची रंगरूपं डझनाहून जास्त आहेत: कुणी पूर्ण काळा, कुणी पिवळसर, कुणी पट्टेवाला, कुणी फक्त डोक्याशी पांढरा. हा फरक मुख्यतः आनुवंशिक आहे, म्हणजे एकाच कुरणातल्या एकाच जातीत ही सगळी रूपं एकत्र नांदतात. लिनियसने १७५८ च्या ग्रंथात 'सिकाडा स्पुमेरिया' हे नाव दिलं आणि त्याच ग्रंथात 'सिकाडा ल्युकोफ्थाल्मा' ही वेगळी जातही नोंदवली. पुढे कळलं की दोन्ही एकच! पण तोवर अमेरिकेतल्या शेतीविषयक लेखनात 'फिलेनस ल्युकोफ्थाल्मस' हे नाव रुळलं होतं. आजही या किडीवरचं जुनं संशोधन शोधायचं तर दोन्ही नावांनी शोधावं लागतं.

ही झाली एक बाजू: एकच जात, रूपं अनेक. आता उलट बाजू बघा. फिलेनस प्रजातीत भूमध्य समुद्राभोवती आणि पश्चिम आशियात आणखी काही जाती आहेत. त्यातल्या 'फिलेनस सिग्नेटस' आणि 'फिलेनस आर्स्लानी' या दोन्ही लेबननमध्ये मिळतात. आर्स्लानीचं वर्णन तर १९९० च्या दशकात, लेबननमधल्याच नमुन्यांवरून झालं. या प्रजातीत पंखांच्या रंगावर विसंबून जात ठरवता येत नाही. खात्रीचा फरक नराच्या जननेंद्रियात, एडिएगस या अवयवाच्या टोकावरच्या शिंगांसारख्या उपांगांत असतो. त्या उपांगांवरून बघितलं तर या दोन जाती दोन वेगळ्या गटांत जातात. एका गटात सिग्नेटस, दुसऱ्या गटात स्पुमेरियस आणि आर्स्लानी. शिवाय सिग्नेटसची पिल्लं अ‍ॅस्फोडेल या लांब पानांच्या कंदवर्गीय वनस्पतीवर वाढतात, आर्स्लानीची मात्र कोरड्या जागेतल्या द्विदल झाडांवर. म्हणजे शरीराची रचना आणि जगण्याची पद्धत, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

वर्णन आणि भेदलक्षण: दोन वेगळी कामं

संशोधनाच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

वर्णन म्हणजे समोरचा कीटक कसा आहे ते सांगणं. डोकं किती रुंद, ढालीचा पोत कसा, पंखांचा रंग काय, पायांवर काटे किती. यात तुलना नसली तरी चालतं. भेदलक्षण म्हणजे हा कीटक त्याच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकांपासून नेमका कशाने वेगळा आहे ते सांगणं. यात तुलनाच सर्वस्व असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'क जातीचं डोकं तपकिरी, ढालीवर बारीक खड्डे, पंखांवर फिकट पट्टा, लांबी ८ मिलिमीटर.' हे वर्णन. वाचायला भरगच्च आहे, पण त्यात बसणाऱ्या आणखी चार जाती निघतील. आता हे बघा: 'क जात ख जातीला सर्वांत जवळची. दोघींच्या एडिएगसला टोकाशी उपांगं आहेत, पण क मध्ये ती दोन जोड्यांत आणि मागे वळलेली, ख मध्ये एकच जोडी आणि सरळ.' हे भेदलक्षण. दोनच वाक्यं, पण यावरून दुसरा माणूस आपल्याकडचा नमुना तपासू शकतो.

प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिताही हेच मागते. १९३० नंतर दिलेलं नाव वैध ठरायचं तर त्यासोबत, ती जात इतरांपासून वेगळी करणारी लक्षणं शब्दांत मांडलेली असावी लागतात किंवा तशा मजकुराचा संदर्भ द्यावा लागतो. नुसता फोटो आणि नाव चालत नाही.

मग भारतीय फेसकिड्यांबाबत अडचण का येते? कारण आपला मूळ आधार आहे डब्ल्यू. एल. डिस्टंट यांचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला १९०८ चा खंड. काम प्रचंड आहे आणि आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण त्यातल्या वर्णनांचा भर रंगावर आणि बाहेरून दिसणाऱ्या आकारावर आहे. कॉस्मोस्कार्टासारख्या प्रजातीत, जिथे एकामागून एक जात लाल-काळीच आहे, तिथे 'लाल पंखांवर काळे डाग' या वर्णनात तुमचा नमुना बसतोही आणि शेजारच्या जातीचाही बसतो.

नेमकं कुठे बघायचं?

बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियात. कारण साधं आहे. रंग एका जातीतही खूप बदलतो, पण या अवयवांचा आकार एका जातीत बऱ्यापैकी स्थिर असतो आणि जवळच्या जातींत बहुधा वेगळा असतो. 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा आहे, हा काही निसर्गनियम नाही.

पद्धत अशी. नमुना सुका असेल तर आधी तो दमट डब्यात ठेवून मऊ करतात. पोटाचा भाग हलकेच सोडवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. गरम केलं तर काही मिनिटं, नाही तर रात्रभर. स्नायू आणि चरबी विरघळून जाते, कठीण भाग तेवढे उरतात. मग पाण्यात धुऊन ग्लिसरीनमध्ये घ्यायचं आणि पायगोफर, पॅरामिअर, एडिएगस एकेक करून बघायचं. काम झालं की सगळे भाग ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून ती कुपी त्याच नमुन्याच्या टाचणीला लावायची. नमुना आणि त्याचे भाग यांची ताटातूट झाली की दोघांचीही किंमत संपली. आणि हो, हे द्रावण कातडी भाजतं, हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

तीन गोष्टींचं भान ठेवा. पहिली, कोन. तोच एडिएगस जरा तिरका झाला की 'वेगळा' दिसतो. म्हणून चित्रं किंवा फोटो ठरलेल्या बाजूंनीच घ्यायचे: बाजूने, वरून, मागून. दुसरी, संख्या. एका नराचं उपांग वळलेलं दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही. एकाच ठिकाणचे निदान दहा नर उघडून बघितले तर त्या जातीत हा अवयव किती बदलतो याचा अंदाज येतो. दोन जातींमधला फरक हा एका जातीच्या आतल्या फरकापेक्षा स्पष्टपणे मोठा असायला हवा. तिसरी, माद्या. मादीत इतकी ठळक लक्षणं अनेकदा मिळत नाहीत. म्हणून मिलन करताना पकडलेली जोडी सोन्याच्या मोलाची. फेसातलं पिल्लू यजमान झाडाच्या फांदीसह जाळीत वाढवून प्रौढ केलं तर पिल्लू, प्रौढ आणि झाड, तिन्हींची गाठ एकदम पडते.

नाव कुणाला बांधलेलं असतं?

नाव वर्णनाला बांधलेलं नसतं, ते एका नमुन्याला बांधलेलं असतं. त्या नमुन्याला होलोटाइप म्हणतात. १९९९ नंतर दिलेल्या जातीच्या नावासाठी असा नमुना स्पष्टपणे नेमणं बंधनकारक आहे, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही सांगावं लागतं.

याचा व्यवहारातला अर्थ काय? १९०८ चं वर्णन तीन जातींना लागू पडत असेल तर ते नाव त्यातल्या कुणाचं, हे वर्णन परत परत वाचून कळणार नाही. मूळ नमुना बघावा लागेल. डिस्टंट यांनी वर्णन केलेल्या भारतीय जातींचे मूळ नमुने मोठ्या प्रमाणात लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. तिथे जाणं प्रत्येकाला जमत नाही, पण फोटो मागवता येतात. इथेही मेख असते. मूळ नमुना मादी असेल आणि खरा फरक नरात असेल तर काय? मग ज्या ठिकाणाहून तो मूळ नमुना आला तिथे जाऊन नर-मादी दोन्ही गोळा करायचे आणि मादी मूळ नमुन्याशी ताडून बघायची. जुन्या चिठ्ठीवर ठिकाण म्हणून नुसतं 'इंडिया' लिहिलेलं असलं की या कामाला वर्षं लागतात.

ही तुलना टाळून नवं नाव दिलं तर पुढच्या कुणाला तरी ते जुन्या नावात विलीन करावं लागतं, कारण अग्रहक्क जुन्या नावाचा. चुकीचं नाव ग्रंथांतून पुसलं जात नाही, समनामांच्या यादीत ते कायम राहतं. आणि दरम्यान त्या नावाखाली छापलेली सगळी माहिती, यजमान झाडं, ठिकाणं, हंगाम, कुणाची होती हा प्रश्न उरतो.

भारतात काम करणाऱ्यांसाठी कायद्याची बाजूही आहे. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसार नवीन जात शोधणाऱ्याने तिची माहिती नेमलेल्या संस्थेला द्यायची आणि नमुना तिथे जमा करायचा असतो. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्याला, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. संरक्षित वनात गोळा करायचं तर वनविभागाची परवानगी आधी हवी, आणि नमुने परदेशी पाठवायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा.

डीएनए बारकोडने सगळं सुटत नाही का?

हा प्रश्न हमखास येतो. प्राण्यांच्या बारकोडसाठी सीओआय या मायटोकाँड्रियाच्या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वापरतात. मादी कुठल्या नराची, फेसातलं पिल्लू कुठल्या प्रौढाचं, ही कोडी सोडवायला तो फार उपयोगी आहे.

पण 'इतके टक्के फरक म्हणजे नवीन जात' असा सरळ हिशोब मांडू नका. नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींत हा तुकडा सारखाच असू शकतो. उलट एकाच जातीत, डोंगर किंवा हिमयुगांमुळे दीर्घकाळ दुरावलेल्या समूहांत तो बराच वेगळा असू शकतो. फिलेनस स्पुमेरियसमध्ये असे एकाहून जास्त मायटोकाँड्रियल वंश आहेत, तरी जात एकच मानली जाते. त्यात वोल्बाकियासारखे जिवाणू आईकडून पिल्लांत उतरतात आणि सोबत मायटोकाँड्रियाचं चित्रही बिघडवतात. बारकोड हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. अवयवांची रचना, डीएनए, यजमान झाड आणि भौगोलिक प्रदेश असे एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे एकाच दिशेने बोट दाखवू लागले की निष्कर्षाला वजन येतं.

एवढा खटाटोप कशासाठी?

इटलीच्या पुलिया भागात २०१३ मध्ये ऑलिव्हची झाडं वाळण्यामागे झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू असल्याचं उघड झालं. तो जलवाहिन्यांत वाढतो आणि त्यांतून रस पिणारे कीटक तो पसरवतात. तिथला मुख्य वाहक निघाला फिलेनस स्पुमेरियस, तोवर निरुपद्रवी समजला जाणारा कीटक. अशा वेळी 'हा नेमका कोण? याच्या जवळच्या जाती कुठे आहेत, कुठल्या झाडांवर वाढतात?' ही उत्तरं तयार असावी लागतात, आणि ती वर्गीकरण करणाऱ्यांच्या जुन्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातूनच येतात. आपल्याकडे ज्वारीवर 'पूफिलस कॉस्टॅलिस'चा फेस दिसतो, आशियात भातावर कॅलिटेटिक्स. पिकाजवळच्या गवतातल्या त्यांच्या नातेवाइकांना आपण वेगळं ओळखू शकतो का, हा प्रश्न म्हणूनच फक्त संग्रहालयापुरता नाही.

सुरुवात करणार असाल तर

- नमुना घेण्याआधी जिवंतपणीचा फोटो काढा. काही रंग अल्कोहोलमध्ये फिके पडतात.
- डीएनएसाठी एक पाय ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये आधीच वेगळा ठेवा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून गेलेल्या भागातून डीएनए मिळायची आशा धरू नका.
- चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, झाड आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. 'गवतावर' पुरेसं नाही, कुठलं गवत?
- नर आणि माद्या दोन्ही, शक्य तितके, एकाच जागेवरून घ्या.
- अ‍ॅडलिन सुलिये-पर्किन्स यांनी उभा केलेला 'कूल' हा फेसकिड्यांचा ऑनलाइन नामकोश उघडा. तुमच्या प्रजातीतली प्रत्येक वैध जात, प्रत्येक समनाम आणि प्रत्येक मूळ वर्णन यांची यादी आधी करा, नमुने नंतर.
- खात्री नसेल तर 'क्लोव्हिया, जात १' असं लिहून थांबा. अर्धवट ओळखीपेक्षा प्रामाणिक अनोळख बरी.

आणि एक चाचणी. घराजवळच्या झुडपावर सहज मिळणाऱ्या, दिसायला सारख्या दोन जातींचे दहा-दहा नमुने घ्या. त्यांच्यातला फरक दोन वाक्यांत लिहा. मग चिठ्ठ्या झाकून, वीसही नमुने मिसळून ते कागदासकट कीटकांतलं काही न कळणाऱ्या मित्राला द्या आणि बाजूला बसा. तोंड उघडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. त्याने दोन ढीग बरोबर केले तर तुमचं भेदलक्षण तयार आहे. नाही जमलं तर नमुने परत सूक्ष्मदर्शकाखाली घ्या आणि ती दोन वाक्यं पुन्हा लिहा.